निर्णयसागरी वळण



अक्षरांच्या रूपाविषयीं रेडिओवर बोलावयाचें म्हणजे फळ्यावांचून भूमिति शिकविण्यासारखें आहे. पस्तीस वर्षें ज्याच्या हातीं खडू होता अशा माझ्यासारख्या मास्तरास तर तें अधिकच अवघड. म्हणून प्रारंभींच एक विनंति करतों. घरांत एखादें जुनें पंचांग, पोथी अथवा आजोबांच्या वेळचें संस्कृत पुस्तक असेल तर तें जवळ घेऊन बसावें, आणि त्याच्या शेजारीं आजचें एखादें वर्तमानपत्र ठेवावें. मी बोलेन, आपण पाहावें. हें भाषण मासिकांत छापून येईल तेव्हां वाचकांची सोय आपोआपच होईल.

मी अचलपूरचा, म्हणजे वऱ्हाडांतला. आतां हें ‘वऱ्हाड’ नांवच पाहा. त्यांत ‘ह’च्या डाव्या अंगास पापणीच्या केसासारखा वांकलेला एक अर्धा ‘र’ असतो. तो डोक्यावरचा रफार नव्हे. संस्कृतास त्याची गरज पडत नाहीं, हिंदीसही पडत नाहीं. मराठीस मात्र त्याच्यावांचून चालत नाहीं. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे दोन डोंगरांमधल्या खोल जागा. आमच्या उत्तरेस मेळघाटाचे डोंगर आहेत. तेथल्या दऱ्यांच्या डोक्यावर चुकून रफार चढला कीं मेळघाटांत समुद्र येतो! आचार्यांस दक्षिणा द्यावयाची असते आणि आचाऱ्यांस मजुरी. लग्नघरांत दोघेही लागतात, पण एकाच्या जागीं दुसरा चालत नाहीं. एका केसाएवढ्या रेघेवर एवढा अर्थ टांगलेला आहे. अशा रेघेस जागा देणारें अक्षर कोणीं घडविलें, कसें घडविलें, आणि आज त्याचें काय झालें, हें सांगावें असा आजचा बेत आहे.

या विषयाकडे मी वळलों तो एका फजितीमुळें. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका गांवांतल्याच एका छापखान्यांत, शिशाच्या खिळ्यांनीं छापल्या जात. त्या वर्षीं सहावीच्या मराठीच्या पत्रिकेंत ‘पुढील शब्दांचा अर्थ लिहा’ असा दहा गुणांचा प्रश्न होता. छापून आलें ‘अथ लिहा’. रफार गळाला होता. बहुतेक मुलांनीं तो मनानेंच जोडून घेतला. एका मुलानें मात्र प्रत्येक शब्दाच्या आधीं ‘अथ’ असें सुवाच्य अक्षरांत लिहिलें: अथ सरिता, अथ पर्वत, अथ कानन. घरीं आजोबांच्या पोथ्या ऐकणारा मुलगा होता तो. ‘अथ’ त्याला परका नव्हता. या दहा गुणांपायीं तो नापास होत होता. मीं त्याला जवळ बोलावून विचारलें, “अरे, अर्थ विचारला आहे एवढें कळलें नाहीं?” तो म्हणाला, “गुरुजी, छापलेलें चुकीचें कसें असेल?”

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं त्याला दहापैकीं सहा गुण दिले, त्याबद्दल वरिष्ठांचे चार शब्द ऐकले, आणि संध्याकाळीं ती पत्रिका घेऊन छापखान्यांत गेलों. भांडावयासच गेलों होतों. पण तेथला वृद्ध जुळारी शांतपणें उठला, फर्म्यांतून चिमट्यानें एक खिळा उचलून त्यानें माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “मास्तर, वरचा कोपरा बघा.” खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावणारी रफाराची वांकडी रेघ मुळापासून तुटली होती. इंग्रजी अक्षर आपल्या खिळ्याच्या चौकटींत बहुधा सुखानें बसतें. आपल्या अक्षराचें तसें नाहीं. मध्यें मूळ अक्षर, डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायाशीं उकार, ऋकार, हलन्त. अशी तीन मजली इमारत एका ओळींत उभी करावयाची. वरच्या मजल्यावरच्या चिन्हांचे स्वतंत्र बारीक खिळे करून ते बसविले, तर फर्मा आवळतांना ते निसटतात. तीं चिन्हें अक्षराच्या खिळ्यालाच जोडून ओतलीं, तर त्यांचा कांहीं भाग शेजारच्या खिळ्यावर अधांतरीं राहतो, आणि यंत्राच्या दाबाखालीं तोच पहिल्यानें मोडतो. प्रत्येक अक्षर मात्रेसकट अखंड ओतलें तर खिळ्यांची संख्या कित्येक शेंकड्यांवर जाते, आणि जुळाऱ्याला खणांपुढें दिवसभर येरझारा घालाव्या लागतात. म्हणजे कोणताही मार्ग धरा, कांहींतरी गमवावें लागतें. त्या संध्याकाळपासून मला छापील अक्षर निराळें दिसूं लागलें.

आतां थोडें मागें जाऊं. फार मागें, पण गांव सोडून नव्हे. अचलपुराजवळ चमक नांवाचें खेडें आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत शेतांत एक ताम्रपट सांपडला. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षीं मधुनदीच्या कांठचें चर्मांक हें गांव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचा तो लेख आहे. काळ इसवीच्या पांचव्या शतकाचा. चर्मांक म्हणजेच आजचें चमक. फ्लीट साहेबांनीं १८८८ सालीं तो छापला, आणि पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं १९६३ सालीं वाकाटकांच्या समग्र लेखांच्या ग्रंथांत त्याचें पुनः संपादन केलें. या ताम्रपटाच्या छायाचित्रांत एक मौज दिसते. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक इवलीशी चौकोनी पेटी कोरलेली आहे. म्हणून विद्वान् या लिपीस पेटिकाशीर्ष लिपि म्हणतात. अशोकाच्या लेखांतली ब्राह्मी अक्षरें बोडक्या डोक्याचीं आहेत. पुढें लेखणी टेकतांना शाईचा जो ठिपका पडे त्याचीच कारागिरांनीं शोभा केली. कोठें तो ठिपका पेटी झाला, कोठें पाचर झाला, कोठें आडवी रेघ झाला. आपली नागरी कांहीं या पेटीच्या लिपींतून जन्मली नाहीं. ती उत्तरेकडच्या शाखेंतली. पण दोघींच्या माथ्यावरच्या अलंकाराचें कुळ एकच. उत्तरेकडे ती माथ्याची रेघ लांबत गेली, शेजारणीला मिळाली, आणि अखेर संपूर्ण शब्दावर एकच शिरोरेषा पसरली.

रोमन अक्षरांसही असाच एक अलंकार आहे, मात्र तो बहुतेक पायाशीं. रोम शहरांत सम्राट् ट्राजनचा इसवी ११३ चा स्तंभ आहे. त्यावरच्या लेखांतलीं अक्षरें पाहिलीं म्हणजे प्रत्येक उभ्या रेघेच्या टोंकास बारीक आडवें पाऊल दिसतें. इंग्रज मुद्रक त्यास सेरिफ म्हणतात. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रासाठीं स्टॅन्ले मॉरिसन याच्या देखरेखीखालीं जें टाइम्स न्यू रोमन वळण घडलें आणि ३ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्या पत्रांत प्रथम उतरलें, त्यांत हीं पावलें आहेत. ओळ सरळ धरून नजरेला पुढें नेण्याचें काम तीं करतात असें पुष्कळ मुद्रक मानतात. आपल्याकडे तें काम शिरोरेषा करते. फरक एवढाच कीं रोमन अक्षरें जमिनीवर उभीं असतात आणि आपलीं दांडीवरच्या धोतरासारखीं वरून लोंबतात. मोडीच्या कारकुनांस हें पुरतें ठाऊक होतें. ते आधीं कागदभर रेघ ओढीत आणि मग तीस अक्षरें अडकवीत जात.

दुसरा भेद लेखणीचा. आमच्या लहानपणीं बोरू अगदींच गेला नव्हता. पुढें मीं मुलांना तो कापावयास शिकविला आहे. रोमन लिहिणाऱ्याच्या लेखणीचा कल आणि बोरूचा कल परस्परांच्या उलट. जुन्या धाटणीचें रोमन ‘ओ’ अक्षर पाहिलें तर त्याची जाडी खालीं डावीकडे आणि वर उजवीकडे येते. देवनागरींतल्या गोलाईंत ती वर डावीकडे आणि खालीं उजवीकडे यावयास पाहिजे. ‘व’ची किंवा ‘ठ’ची गोलाई पाहावी. हा कल संभाळला नाहीं तर अक्षर वाचतां येतें, पण सासरीं नव्यानें आलेल्या सुनेसारखें अवघडून उभें राहतें. परदेशांत कोरलेल्या कित्येक आरंभीच्या नागरी टाइपांत ही अवघड दिसते. दोष त्या कारागिरांच्या हाताचा नव्हता. त्यांच्या हातीं कधीं बोरू आलेलाच नव्हता.

मराठी ग्रंथ छापण्याची आरंभींची खटपट अशीच दूरच्या हातांनीं झाली. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, त्यांत नागरी खिळे होते. त्याच वर्षीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. पण ते पत्रे होते, सुटे खिळे नव्हेत. मुंबईंत १८१७ च्या सुमारास अमेरिकन मिशननें मराठी छपाई आरंभिली. तेथें पुढें टॉमस ग्रॅहॅम या मुद्रकानें जीवण वल्लभ नांवाच्या कारागिराच्या साहाय्यानें ओबडधोबड टाइप लहान आणि सुबक केला. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. शाईंत चरबी असते म्हणून छापील कागदास शिवावयास लोक कचरत, तेव्हां त्यांनीं तुपाची शाई केली असें सांगतात. आज हंसूं येतें. पण छापील अक्षर देवघरांत शिरलें तें त्या तुपामुळें, हें विसरूं नये.

या सर्वांच्या पाठीमागून जावजी दादाजी चौधरी आले. जन्म १८३९ चा. घरची गरिबी, म्हणून अगदीं लहान वयांत ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामावर लागले. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा दगडावर घासून साफ करावयाच्या, हें तें काम. शाळेंत मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं टाइपाचा खरा अभ्यास डोळ्यांनीं नव्हे, बोटांनीं होतो, आणि जावजींचीं बोटें हजारों खिळ्यांवर फिरलीं होतीं. पुढें आणखी कांहीं छापखान्यांत अनुभव घेऊन १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. त्यांचे जोडीदार राणोजी रावजी आरू. अक्षर कोरणारा हात तो राणोजींचा. जावजींचें नांव मुखपृष्ठांवर राहिलें; राणोजींची सही मात्र त्यांनीं कोरलेल्या अक्षरांतच शोधावी लागते. मला या दुसऱ्या माणसाविषयीं अधिक आदर वाटतो, हें येथें कबूल करतों.

त्यांचें काम काय होतें तें पाहा. पोलादाची बोटभर सळई घ्यावयाची. तिच्या टोंकावर अक्षर उलटें, आरशांत दिसतें तसें, कानशीनें आणि छिन्नीनें कोरून उठवावयाचें. ‘क्ष’सारखें गुंतागुंतीचें अक्षर, आणि जागा गव्हाच्या दाण्याएवढी. थोडें कोरावें, मेणबत्तीच्या काजळीवर धरावें, कागदावर ठसा उमटवून पाहावा, पुनः कोरावें. केसभर जास्त गेलें तर सळई फुकट. धातु परत चिकटवितां येत नाहीं. मनाजोगें झालें कीं पोलादास पाणी देऊन तें कठीण करावयाचें आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकावयाचें. तांब्यांत अक्षराचा खोलगट ठसा उमटतो, तो साचा. त्या साच्यांत शिसें, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला कीं खिळा तयार. हें एका अक्षराचें झालें. एका आकाराच्या संपूर्ण संचास अशीं कित्येक शें अक्षरें व जोडाक्षरें लागत. आणि आकार तरी एक थोडाच? पोथीला मोठा, पुस्तकाला पायका, तळटीपांना बारीक. प्रत्येकासाठीं सळया पहिल्यापासून कोरावयाच्या. बारीक टाइप म्हणजे मोठ्या टाइपाची लहान प्रत नव्हे. बारकांत पोकळ्या प्रमाणानें अधिक मोकळ्या ठेवाव्या लागतात, नाहींतर शाई भरून ‘घ’ आणि ‘ध’ एक होतात.

आतां जवळचें तें जुनें पुस्तक उघडावें. निर्णयसागरी वळणाची पहिली खूण म्हणजे भरदार उभा दंड. ‘त’, ‘न’, ‘म’, ‘स’ यांचे काने ओळींत खांबांसारखे उभे दिसतात. दुसरी खूण मोकळ्या पोकळ्यांची: ‘ब’च्या पोटांत, ‘भ’च्या गांठींत प्रकाश शिरतो. जाड रेघ एकदम बारीक होत नाहीं. बोरू वळला कीं ती जशी हळूहळू निमुळती होते तशी होते. तिसरी खूण माझ्या मतें सर्वांत मोलाची. माथ्यावरच्या चिन्हांना तेथें खालच्या अक्षराइतकाच मान आहे. मात्रा झुकलेली पण ठसठशीत, रफार ठळक, अनुस्वाराचा ठिपका भरीव, आणि ‘वऱ्हाड’मधला अर्धा ‘र’ चिरडलेला नाहीं. घाईच्या वळणांत ह्या चिन्हांना भाडेकरूसारखें वागविलेलें असतें. येथें तीं घरचीं आहेत.

उणें कांहींच नव्हतें असें मात्र नाहीं. ओळ उंच होते आणि कागद अधिक खर्ची पडतो. शेजारीं इंग्रजी शब्द आला तर तो दुबळा दिसतो. झिजलेले खिळे वर्षानुवर्षें चालविणाऱ्या छापखान्यांत तर त्याच सुंदर वळणाची दुर्दशा होई. माझ्या त्या प्रश्नपत्रिकेचा टाइपही याच घराण्याचा होता. मोडला तो म्हातारपणानें.

याचा उपयोग कशाकशासाठीं झाला, हें सांगूं गेल्यास घरांतलें सगळें कपाट रिकामें करावें लागेल. पंचांगें झालींच. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून निघूं लागलें तें निर्णयसागरांतूनच. महाराष्ट्रांतल्या कितीतरी मुलांनीं तें वळण पाहून अक्षर गिरविलें असेल. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनीं संपादिलेली ‘काव्यमाला’ निघाली, आणि विस्मृतींत गेलेलीं संस्कृत काव्यें पुस्तकरूपानें काशीपासून रामेश्वरापर्यंत पोहोंचलीं. पुढें वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकर यांच्यासारखे पंडित तेथें शोधनास बसत. मुंबईच्या कोलभाट गल्लींतल्या या छापखान्याचें नांव वाचून शास्त्रीमंडळी पाठ बिनधास्त मान्य करीत. संस्कृतास अर्धा ‘र’ लागत नसला तरी ‘ङ्क्ष’, ‘ष्ट्र’, ‘द्ध्य’ असलीं दुमजली-तिमजली जोडाक्षरें लागतात, आणि तीं एकाच वळणांत मिळणें हें त्या काळीं सामान्य नव्हतें. इतर छापखान्यांसही हा टाइप विकला जाई. म्हणूनच वऱ्हाडांतल्या आडगांवीं छापलेली लग्नपत्रिका आणि मुंबईचा ग्रंथ यांचें अक्षर सख्ख्या भावंडांसारखें दिसे.

आणखी एक गोष्ट झाली, ती फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. उत्तरेकडच्या, कलकत्त्याच्या वळणाच्या टाइपांत ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांचीं रूपें निराळीं असत. आज हिंदी पुस्तकांत जे ‘अ’ आणि ‘ण’ दिसतात ते मुंबई वळणाचे. दोन प्रांतांच्या वादांत हा निकाल कोणत्या सभेपेक्षां ह्या टाइपांच्या प्रसारानें अधिक लावला असें मी समजतों. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतींत मात्र दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणीं राहिल्या. आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. मध्यंतरीं पाठ्यपुस्तकांत हिंदी धाटणीचीं रूपें शिरलीं, तेव्हां मुलें वर्गांत विचारीत, “गुरुजी, हा कोणता श?” २००९ सालीं महाराष्ट्र शासनानें प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ पुनः प्रमाण ठरविले. त्या दिवशीं मला झालेला आनंद घरांत कोणाला समजला नाहीं. चहा मात्र दुसऱ्यांदा मिळाला.

यंत्रें आलीं तेव्हां प्रश्न उलट बाजूनें विचारला गेला: अक्षरास यंत्र जुळवावें कीं यंत्रास अक्षर? लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’साठीं खिळ्यांची संख्या कमी करण्याचा विचार केला होता. रत्नागिरीस स्थानबद्ध असतांना सावरकरांनीं ‘अ’ला वेलांट्या-उकार देऊन ‘अि, अी, अु, अू’ लिहिण्याचा पुरस्कार केला. त्यामुळें स्वरांचे कांहीं खिळे वांचत. १९५३ सालीं लखनौच्या परिषदेंत ऱ्हस्व इकार अक्षराच्या डाव्या बाजूऐवजीं उजव्या बाजूस द्यावा असा ठराव झाला, तो कांहीं वर्षांतच मागें घ्यावा लागला. लोकांचा डोळा तयार होईना. मराठीच्या १९६२ च्या लेखननियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. जुळाऱ्यांस तेवढाच दिलासा. प्रस्तुत वक्ता वडिलांच्या जुन्या पुस्तकांवर वाचावयास शिकल्यामुळें अजूनही ते देतो, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. शाळेंत मात्र मीं मुलांना नवेच नियम शिकविले. या सुधारकांची टवाळी करूं नये. खणांपुढें दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय त्यांना दिसत होते. परंतु तोच त्रास सोसून राणोजींच्या हातानें सगळीं अक्षरें पुरविलीं होतीं, हेंही खरें. ज्यांस या प्रकरणाच्या खोलांत शिरावयाचें असेल त्यांनीं बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ पाहावा; तो १९७१ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां शिसें गेलें. संगणकावर मात्रा मोडत नाहीं, रफार गळत नाहीं, जोडाक्षरें हवीं तितकीं करतां येतात. जुळाऱ्याच्या पायांची तक्रारही उरली नाहीं. रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी सुलेखनकारानें घडविलेलें ‘मंगल’ वळण विंडोज प्रणालींतून घरोघर पोहोंचलें. सगळ्या अडचणी संपल्या असें वाटावें. तरीही परवां आमच्याकडे एका समारंभाची पत्रिका आली, तींत ‘वर्हाड’ असें छापलें होतें. मीं छापणाऱ्या तरुणास फोन केला. तो म्हणाला, “आजोबा, ते चिन्ह नाही येत.” मीं त्याच्या दुकानीं जाऊन बसलों. माझ्या नातीनें मला शिकविलें होतें तें त्याला दाखविलें: ज्या ‘र’खालीं नुक्ता आहे तो घ्यावा, त्यास हलन्त द्यावा, मग ‘ह’ लिहावा, म्हणजे पापणीसारखा अर्धा ‘र’ आपोआप उभा राहतो. पडद्यावर तो उमटलेला पाहून तो मुलगा चकित झाला. “हे पहिल्यापासूनच यात होते?” असें त्यानें विचारलें. होतें. एवढेंच कीं कोणी मागितलें नव्हतें.

पण सर्व वळणांत तें उमटतेंच असें नाहीं. कांहींत तो अर्धा ‘र’ ‘ह’पासून दूर तरंगतो, कांहींत तो इतका बारीक असतो कीं साध्या कागदावर दिसतच नाहीं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी नवें वळण एका युक्तीनें पारखतों. ‘किंवा’, ‘अर्थ’, ‘पैसे’, ‘वऱ्हाड’ आणि ‘मूर्ख’ हे पांच शब्द लहान आकारांत छापून घेतों आणि हातभर अंतरावरून, चष्मा न लावतां, पाहतों. पहिल्यांत अनुस्वार, दुसऱ्यांत रफार, तिसऱ्यांत दुसरी मात्रा, चौथ्यांत अर्धा ‘र’, पांचव्यांत खालचा ऊकार आणि वरचा रफार एकदम. शिशांतली जुनी बरीच छपाई या परीक्षेंत उत्तीर्ण होते. आजचीं कित्येक गुळगुळीत, एकसारख्या जाडीचीं वळणें नांवाच्या पाटीवर शोभतात, पण या पांच शब्दांशीं अडखळतात. या मासिकाच्या संपादकांनीं हे शब्द याच पानावर छापले आहेत. वाचकांनीं परीक्षा येथेंच घ्यावी आणि निकाल त्यांस कळवावा.

त्या जुन्या छापखान्याचें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. नव्वदच्या दशकांत तो बंद पडला. खिळे वजनावर, भंगाराच्या भावानें गेले. शिसें वितळवावयास बरें असतें. म्हाताऱ्या जुळाऱ्यानें जातांना मला एका चुन्याच्या डबींत मूठभर खिळे आणून दिले. त्यांत ‘अ’ आहे, दोन ‘क्ष’ आहेत, एक ‘ज्ञ’ आहे, आणि तो तुटलेल्या रफाराचाही आहे. तो त्यानें जपून ठेवला होता. ‘अथ’ लिहिणारा माझा तो विद्यार्थी गेल्या दिवाळींत घरीं आला होता. तो आतां अमरावतीस राहतो, दोन मुलांचा बाप आहे. डबी उघडून मीं तो खिळा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानें तो उलटासुलटा करून पाहिला, बोटानें तुटलेला कोपरा चांचपला, आणि म्हणाला, “म्हणजे गुरुजी, तुम्ही मला चार गुण कमीच दिले होते.”